मैनासराईतला नाग

मैनासराईच्या आतल्या खोलीत नाग आहे, असं धोंडूआप्पांनी समितीच्या बैठकीत तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा ते इतिवृत्तात नोंदलं गेलं होतं. त्यामुळे शुक्रवारी त्यांची नात पूनम त्या खोलीत पोटावर सरपटत शिरली आणि तिला तिथे नाग सोडाच, साधं गांडूळही भेटलं नाही, तेव्हा महाजनांच्या घरावर जो प्रसंग आला त्याचा पहिला दोष इतिवृत्तावर जायला हवा होता. पण इतिवृत्ताला जाब विचारता येत नाही. आप्पांना विचारता येत होता, आणि तो शनिवारी दुपारी वरण-बट्टीच्या पंगतीत विचारायचा असं त्यांच्या धाकट्या सुनेने, रश्मीने, बहादरपुरहून निघतानाच ठरवलं होतं.

प्रतिभाला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने शांततेवरून ओळखलं. या घरात जेवायला बसताना माणसं गप्प असली की समजावं, भांडण शिजून तयार आहे, फक्त वाढायचं बाकी आहे. तिने बट्ट्यांची परात मधे ठेवली, वांग्याची भाजी फिरवली आणि तुपाची वाटी स्वतःच्या हाताशी घेतली. थोरल्या सुनेने तुपाची वाटी आपल्याकडे ठेवावी, हे ती तेवीस वर्षांत शिकली होती. बोलणं हाताबाहेर जायला लागलं की तूप वाढायला उठता येतं.

खाली दुकान, वर राहणं, असं बुरहानपुरच्या सिंधीपुऱ्यातलं ते घर. दुकानावर पाटी 'कडू लोटू महाजन, भांडीवाले' अशी होती. कडू हे आप्पांचे वडील. बहादरपुरची केळी भावाच्या हाती सोडून ते शहरात आले आणि पितळेत रमले. आता दुकान थोरला धर्मेंद्र बघत होता आणि बहादरपुरचं शेत धाकटा संदीप. लग्न, बारसं, पंगत काहीही असो, संदीपचा केळीचा ट्रक नेमका त्याच दिवशी भरायचा असायचा. त्याच्या वाटचं बोलायला त्याची बायको रश्मी आली होती आणि त्याच्या वाटचं खायला मुलगा रितेश.

दुकानाची खरी ख्याती मात्र भांड्यांपेक्षा त्यांवरच्या नावांची. चाळीस वर्षं आप्पांनी छन्नी-हातोडीने ठिपक्याठिपक्यांचं अक्षर काढलं. नाव संपलं की शेवटी एक बारीकसं केळीचं पान काढायचे, सहा ठिपके आणि मधे एक शीर. गावातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात जाऊन एक जुना तांब्या उलटा-सुलटा करावा, पान सापडायचंच. पुढे मशीन आलं आणि ते प्रतिभाच्या हाती गेलं. मशीन भराभर नाव टाकतं, पण त्याला पान जमत नाही. महाजनांच्या घरात तर नावाशिवाय वस्तूच नव्हती. कुकर, सांडशी, देवाची घंटा, इतकंच काय, कपडे वाळत घालायच्या लोखंडी काठीवरही 'धो. क. महाजन' असं होतं. काठी चोरून नेणाऱ्याला निदान कोणाची नेली ते कळावं म्हणून.

अशा माणसाने म्हातारपणी 'जुन्या भिंतींवर नावं कोरू नका' अशी समिती काढली, हे प्रतिभाला पहिल्या दिवसापासून गमतीचं वाटत आलं होतं. ती ते कोणाला बोलली नव्हती.

मैनासराई लालबागच्या पुढे, रेल्वेचे रूळ ओलांडले की बाभळीत दडलेली. ती कोणत्याच सरकारी यादीत नव्हती आणि म्हणूनच अजून थोडीफार उभी होती. आतल्या भिंतींना शंखासारखा घोटलेला चुना, कोनाड्यांत फिकट झालेली निळी फुलं, आणि त्या फुलांवर गेल्या पन्नास वर्षांत येऊन गेलेल्या सगळ्यांची हजेरी. बाण घुसलेली हृदयं होती, कोचिंग क्लासची जाहिरात होती, एका कोनाड्यात तर लाल ऑइलपेंटने 'यादव टेंट हाऊस' आणि मोबाइल नंबर होता. समितीने त्या नंबरावर कडक शब्दांत बोलायला फोन केला. यादवने आधी माफी मागितली, मग मांडवाचा भाव सांगितला. भाव वाजवी निघाला, त्यामुळे समितीचे सगळे मांडव तेव्हापासून यादवच घालत होता.

समितीचा नियम आप्पांनी स्वतः केला होता आणि स्वतःच पाटीवर रंगवून घेतला होता: ज्याचं नाव, त्याचा हात. भिंतीवर ज्याचं नाव सापडेल त्याने रविवारी सकाळी दहा वाजता, लोकांसमोर, स्वतःच्या हाताने ते घालवायचं. सात पोरांनी आतापर्यंत घालवलं होतं. सातवा रितेश. त्याने चंदेरी रंगात 'रितेश किंग' लिहिलं होतं, आणि नातू म्हणून आप्पांनी त्याला सूट दिली नाही. उलट पेपरवाल्याला आवर्जून बोलावलं. चार तास पोरगं घासत होतं. तेव्हापासून कॉलेजात त्याला सगळे 'घासणी' म्हणत. रश्मी हे विसरली नव्हती.

आणि आता पूनमचा व्हिडिओ.

पूनम प्रतिभाची मुलगी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, पण मन सगळं उजाड इमारतींत. बंद पडलेलं कापसाचं जिन, ओस पडलेल्या चौक्या, छप्पर नसलेली गोदामं, जिथे शहाणा माणूस लघवीलाही थांबणार नाही तिथे ही डोक्याला दिवा लावून दोन-दोन तास हिंडायची आणि 'उजाड बुरहानपुर' नावाच्या चॅनलवर दाखवायची. पण शिस्तीची. कशाला हात लावायची नाही, पाण्याची रिकामी बाटलीसुद्धा परत आणायची. शुक्रवारी ती ढासळलेल्या दारातून मैनासराईच्या आतल्या खोलीत शिरली. खोली कोरी करकरीत. चारी भिंती दुधासारख्या, एक ओरखडा नाही. फक्त समोरच्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर, ठिपक्याठिपक्यांत:

कु. कौशल्या हिस सप्रेम भेट
ता. ९-२-१९७९

आणि शेवटी केळीचं पान.

पूनमने पानाकडे लक्ष दिलं नव्हतं. 'चारशे वर्षांची भिंत सप्रेम भेट देणारा हा दानशूर कोण? ओळखा पाहू,' असं लिहून तिने व्हिडिओ टाकला आणि झोपून गेली. सकाळपर्यंत गावाने ओळखलं होतं. कमेंटमध्ये एकोणीस तांबे, अकरा पराती, एक पाणी तापवायचा बंब आणि एक पानदान, प्रत्येकावर तेच पान, असे फोटो आले होते. बुरहानपुरच्या बायका रीतीच्या पक्क्या. फोटो काढण्याआधी प्रत्येकीने भांडं चिंचेने घासून घेतलं होतं.

"आप्पा," रश्मीने बट्टी कुस्करत, अगदी गोड आवाजात सुरुवात केली, "उद्या दहा वाजताच आहे ना कार्यक्रम?"

"हाव," आप्पा म्हणाले.

"नाही, म्हटलं नवीन नाव सापडलं. मग आता हात कोणाचा?"

आप्पा वरणात बघत राहिले. त्यांच्या वतीने धर्मेंद्र बोलला. धर्मेंद्र सकाळपासून तयारीत होता. त्याने दोन गोष्टी ठरवल्या होत्या: पूनमने व्हिडिओ काढून टाकायचा, आणि कोणी विचारलंच तर कौशल्या म्हणजे आप्पांची आई. कडूबाबांच्या बायकोचं नाव कौशल्याच होतं, हे सगळ्या सिंधीपुऱ्याला माहीत होतं. मुलाने आईवरच्या मायेपोटी भिंतीवर चार अक्षरं लिहिली, यात लाजण्यासारखं काय, असं तो बराच वेळ सांगत होता. आता तर त्याचा आवाजही थोडा भरून आला होता.

"मोठे पप्पा, थोडा लॉजिक तो लगाओ," रितेश म्हणाला. "आईला कोणी 'कु.' लिहितं का?"

धर्मेंद्रचा घास तिथेच थांबला. एकोणीसशे एकोणऐंशी साली आप्पांच्या आई पाच मुलांच्या आई होत्या. कुमारी हा मुद्दा कितीही ओढूनताणून त्यांच्यावर बसेना.

मग जे व्हायला नको होतं ते झालं. सगळ्यांनी एकदम आप्पांच्या बायकोकडे, धुरपदाबाईंकडे पाहिलं आणि पाहिलं म्हणून एकदम मान खाली घातली. धुरपदाबाई शांतपणे बट्टी वरणात मुरवत होत्या. सासूबाईंनी सकाळी पूनमकडून फोन मागून घेतला होता, हे प्रतिभाला माहीत होतं. व्हिडिओ कसा थांबवायचा ते शिकून घेतलं आणि गच्चीवर पापडांजवळ बसून अकरा वेळा पाहिला, असं पूनमने सांगितलं होतं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारानंतर बाईला नवऱ्याच्या हातचं दुसऱ्या पोरीचं नाव दिसावं, तेही घरच्याच नातीने दाखवावं. प्रतिभाला दुसरं काही सुचेना. तिने उठून सासूबाईंच्या ताटात आणखी दोन चमचे तूप घातलं.

रश्मीचा चेहरा आता बघण्यासारखा झाला होता. ती आली होती आप्पांना घासायला लावायला. सासूला रडवायला नव्हे. तिने तलवार म्यान केली आणि एका दमात बाजू बदलली. व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढ, असं ती पूनमला म्हणाली. जुन्या गोष्टी, कोणाच्या आयुष्यात नसतात. पण धर्मेंद्रनेही तोवर बाजू बदलली होती. आईच्या मायेचा मुद्दा पडल्यापासून तो वडिलांकडे जरा निराळ्या नजरेने बघत होता. काढायचा कशाला, तो म्हणाला, कळू दे ना आम्हाला पण. पूनम म्हणाली, काढून आता फायदा नाही, लोकांनी स्क्रीनशॉट घेतलेत, डिलीट केला तर "और शक होगा". रितेशने दुसरी बट्टी घेतली. महिन्याभरात पहिल्यांदाच घरात त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या भिंतीविषयी बोलणं चाललं होतं.

"उद्या मी घालवीन ते," आप्पा म्हणाले. "नियम आहे. लोकांसमोर घालवीन, चूक माझी म्हणून सांगीन. पण ती कोण, ते मला तिथे विचारायचं नाही. आणि इथंही नाही."

याने जे थोडंफार सावरलं होतं तेही बिघडलं. प्रतिभा तुपाची वाटी घेऊन पुन्हा उठली, पण कोणाच्याच ताटात जागा उरलेली नव्हती.

"काय वं माय," धुरपदाबाई म्हणाल्या, "किती तूप पाजता मले. आजारी नाय मी." मग नवऱ्याकडे वळून, "तोंड काय पाडता? सांगून टाका ना."

"तूच सांग."

"मी सांगते. ती कौशल्या मी."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, तो दूर जाईपर्यंत सगळ्यांना नीट ऐकू आला.

धुरपदाबाईंनी मग सांगितलं ते इतक्या साधेपणाने, की बाजारातून काय आणलं ते सांगताहेत असं वाटावं. त्यांचे वडील भुसावळकडचे, कागद कारखान्यात कामाला लागून इकडे आलेले. सुपारी फुटल्यावर संसाराची भांडी घ्यायला ते मुलीला घेऊन बुरहानपुरला आले. भांडी अर्थात सासऱ्यांच्याच दुकानातून. व्याह्याला तिथेही सवलत मिळाली नाही ती गोष्ट वेगळी. एकावन्न भांडी. नाव टाकायला बसला स्वतः नवरदेव, आणि शेजारी पाटावर त्याची आई. आईचं नाव कौशल्या, येणाऱ्या सुनेचंही कौशल्या. आता सासूने 'कौशल्ये, पाणी आण' अशी स्वतःलाच हाक मारायची का? सासूबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला: धुरपदा. हेच नाव का, ते कोणाला कधी कळलं नाही. त्यांना पहिलं तेच आठवलं असावं.

एकावन्न भांड्यांवर एकच नाव पडत होतं, सौ. धुरपदाबाई धोंडू महाजन. अठरा वर्षांची पोरगी पोत्यावर बसून ठकठक ऐकत होती. सदतिसाव्या भांड्याला ती रडायला लागली. वडिलांना वाटलं, घर सुटणार म्हणून रडते. त्यांनी समोरून मावा जिलेबी आणून दिली. ती तिने खाल्ली आणि पुन्हा रडायला लागली. सासू आत पाणी प्यायला गेली तेव्हा धोंडूने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, माझं नाव एका तरी भांड्यावर राहू द्या, चमच्यावर चालेल.

"मंग हे म्हणले, भांड्यावर लिहिलं तर रोज घासून झिजून जाईल. अशा जागी लिहितो, की कोणी घासणार नाय." धुरपदाबाई हसल्या. "लग्न झाल्यावर सांगितलं, लिहिलं म्हणून. दाखवलं कधी नाय."

"वेळ कुठे होता," आप्पा पुटपुटले.

"सेहेचाळीस वर्षं?"

"दुकान होतं."

प्रतिभा वाटी हातात धरून उभीच होती. तेवीस वर्षं ती या बाईच्या शेजारी स्वयंपाक करत होती. सासूबाईंच्या सासूचं नाव तिला माहीत होतं, बहादरपुरला पूर्वी असलेल्या दोन म्हशींची नावं माहीत होती, पण माहेरी तुम्हाला काय म्हणायचे हे तिने कधी विचारलं नव्हतं. आणि हे तिला तरी सुचायला हवं होतं. ती स्वतः माहेरची कमल. लग्नात धर्मेंद्रने ताटातल्या तांदळात अंगठीने 'प्रतिभा' लिहिलं होतं, त्यातही आधी 'पतिभा' लिहून मग कोपऱ्यात 'र' कोंबला होता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ते तांदूळ नंतर खिचडीत गेले.

यानंतर पंगतीने तिसऱ्यांदा बाजू बदलली, आणि या वेळी सगळ्यांनी मिळून. नाव राहिलंच पाहिजे. रश्मी पदर डोळ्याला लावून तेच म्हणत होती. पूनम म्हणाली, ही तर सराईतली एकमेव गोड गोष्ट आहे, दुसऱ्या भागात पूर्ण स्टोरी टाकते. धर्मेंद्रला पुन्हा वडिलांचा अभिमान वाटायला लागला होता आणि त्याला लगेच तोडगा सुचला. समितीने ठराव करावा की एकोणीसशे ऐंशीच्या आधीची नावं ऐतिहासिक समजावीत. ठराव आपण आजच टाइप करू, सह्या उद्या मांडवात घेऊ.

"मग माझं पण राहू द्यायचं होतं," रितेश ताटाकडे बघत म्हणाला. "थांबलो असतो ना मी पण चाळीस वर्षं."

हे तो रागाने बोलला नाही, म्हणूनच ते सगळ्यांना लागलं. रश्मीनेसुद्धा पदर खाली घेतला.

"बरोबर बोलतो पोरगा," धुरपदाबाई म्हणाल्या. "त्याले घासाले लावलं, मंग आपलं काहून सुटावं? आणि त्या भिंतीनं काय पाप केलं होतं? कोणी बांधली, किती दिवस घोटत बसला असेल. मी रडले त्याची भरपाई तिनं करायची?" त्यांनी ताटातला शेवटचा घास घेतला. "बुजवा. पण आधी मले दाखवा. मंग बुजवा."

आप्पांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, हे प्रतिभाला सांगता आलं नसतं.

रविवारी दहा वाजता मैनासराईसमोर यादवचा मांडव उभा होता आणि त्यात, समितीच्या इतिहासात कधी नव्हे ती, खुर्च्या कमी पडत होत्या. मिस्त्री गोटूने पहाटेच आतल्या दारातला राडारोडा उपसून माणूस वाकून जाईल एवढी वाट केली होती. चुन्याचं काम जाणणारा गावात तोच उरला होता. हे घासून जायचं नाही, त्याने सांगितलं. रंग घासता येतो, कोरलेलं बुजवावं लागतं. एकेक ठिपका भिजवलेल्या चुन्याने भरायचा, आणि ओलसर असतानाच शिंपल्याने घोटायचा.

आत गोटू सोडला तर फक्त घरचेच गेले. धुरपदाबाईंना प्रतिभाने हाताला धरून वाकवून नेलं. खोलीत थंडावा होता आणि पूनमच्या डोक्यावरच्या दिव्यात भिंत खरोखर दुधासारखी दिसत होती. धुरपदाबाई जवळ गेल्या. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. मग तर्जनीने 'क'पासून सुरुवात केली आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत पुढे गेल्या, पहिलीतलं पोर वाचतं तसं. बाहेर पाहुण्यांचं भाषण चाललं होतं. ते लांबलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते कोणाला खटकलं नाही.

"अक्षर बरं होतं तुमचं," त्या शेवटी म्हणाल्या.

आप्पांनी गोटूकडून चुन्याची वाटी घेतली. बोट बुडवलं, आणि ते तसंच वर राहिलं. धुरपदाबाईंनी वाटी काढून घेतली. दारात रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई. चिमटीत चुना घेऊन त्यांनी 'कौशल्या' पहिल्या ठिपक्यापासून बुजवायला घेतलं. घाई नव्हती. चुकून एकही ठिपका सुटत नव्हता. शेवटी पान उरलं. ते मात्र त्यांनी सोडलं आणि बाजूला झाल्या. "हे तुमचं," त्या म्हणाल्या. पान आप्पांनी बुजवलं.

पेपरवाला तोवर वाकून आत आलाच होता. त्याला आप्पांचा घोटतानाचा फोटो हवा होता. आप्पांनी शिंपला उलटा धरला होता. रितेश पुढे झाला, त्याने आप्पांच्या मुठीत तो सरळ करून दिला.

"जोर मनगटाने नाही, खांद्याने लावायचा, आप्पा," तो म्हणाला. "आणि थोडं इकडे बघा. फोटो चांगला येतो."

बाहेर मांडवात आप्पांनी माफी मागितली ती दोनच वाक्यांत. भिंत मी खराब केली होती, आज ती दुरुस्त केली. आणि आतल्या खोलीत नाग कधीच नव्हता. तो मीच सोडला होता, इतिवृत्तातून काढून टाकावा. सचिवांनी विचारलं, तिन्ही बैठकांतून का? आप्पा म्हणाले, तिन्ही. मग चहा झाला.

दुकान रविवारी बंद असतं. दुपारी प्रतिभा नाव टाकायचे राहिलेले दोन डबे मशीनवर उरकावेत म्हणून अर्धं शटर उचलून आत बसली होती, तेव्हा धुरपदाबाई जिन्याने खाली आल्या. सहसा त्या दुकानात येत नसत. त्यांनी मांडणीवरची ताटं एकेक करून बघितली, ठोकून आवाज ऐकला आणि जड काठाचं एक कोरं ताट मशीनपुढे ठेवलं.

"लिही."

"काय लिहू, आई?"

"नुसतं कौशल्या."

प्रतिभाने सुई लावली. हाताच्या सवयीने तिने विचारलं, खाली 'सप्रेम भेट' टाकू का, कोणाकडून म्हणून?

"भेट कसली," धुरपदाबाई म्हणाल्या. "माझंच आहे ते."

मशीन सुरू होणार एवढ्यात अर्ध्या शटरखालून आप्पांचे पाय दिसले, मग गुडघ्यांची कुरकुर करत आप्पा आत आले. त्यांनी ताट मशीनखालून ओढून घेतलं. मशीनचं अक्षर म्हणजे अक्षर नव्हे, असं काहीतरी म्हणत ते गल्ल्याखालच्या खणात शोधू लागले. छन्नी सापडली, हातोडी सापडली, दोन्हींवर 'धो. क. महाजन' होतंच. ते जमिनीवर मांडी घालून बसले, आणि पाच वर्षांनी दुकानात पुन्हा ठकठक सुरू झाली. आवाज ऐकून पूनम कॅमेरा घेऊन आली आणि तिच्या मागे रितेश. त्याने गंभीरपणे विचारलं, हे समितीला चालतं का? आप्पांनी वर न बघता सांगितलं, नियमात ताटाचा उल्लेख नाही.

प्रतिभाने मांडणीवरून आणखी एक कोरं ताट काढून आपल्या बाजूला ठेवलं. कोणासाठी, ते कोणी विचारलं नाही.

ठकठक थांबली. आप्पा ताटाकडे बघत बसले होते. प्रतिभा वाकली. अक्षर सरळ होतं, ठिपके सारखे होते, पानही जिथल्या तिथे होतं. फक्त नावाच्या आधी, हाताला आठवत होतं तसं, 'कु.' पडलं होतं.

"थांब," आप्पा ओशाळून म्हणाले, "दुसरं ताट घेतो."

धुरपदाबाईंनी ताट हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, पदराने पितळेची भुकटी पुसली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "नाव तेव्हाचंच आहे."

आणि ताट काखेला मारून त्या जिना चढायला लागल्या. संध्याकाळच्या खिचडीचे तांदूळ अजून निवडायचे होते.